फोनचा दवाखाना : रेंज नाही, चार्जिंग नाही, काय करू?

मागच्या अंकात ‘बॅटरी आणि नेटवर्कबद्दल काहीही विचारा’ असं लिहिलं आणि पत्रं, ईमेल, व्हॉइस नोट सगळंच आलं. एका काकांनी तर आठ मिनिटांची व्हॉइस नोट पाठवली, त्यातली पाच मिनिटं मागे कुकरच्या शिट्ट्याच आहेत, पण प्रश्न भारी होता. सगळ्यांना इथे जागा नाही, म्हणून जे प्रश्न चार-पाच जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलेत ते आधी घेतो. मी बारा वर्षं रिपेअरिंगच्या काउंटरमागे बसलोय, त्यामुळे पुस्तकी कमी आणि दुकानातलं जास्त येईल, चालवून घ्या.

वेल्ह्याकडच्या एका वाडीवर शिकवणाऱ्या मॅडम विचारतात : सकाळी शंभर टक्के करून निघते, शाळेत फोन नुसता पर्समध्ये पडून असतो, दिवसात फार तर पाच-सहा व्हॉट्सॲप मेसेज, तरी तीन वाजता वीस टक्के! रविवारी पुण्यात घरी असले की तोच फोन रात्रीपर्यंत टिकतो, आणि तेव्हा तर मी सिरीयलसुद्धा बघते. दुकानदार म्हणतो बॅटरी बदला, अठराशे रुपये. बदलू का?

मॅडम, अठराशे रुपये वाचवा. तुमच्या पत्रातच उत्तर आहे, तोच फोन रविवारी टिकतो म्हणजे बॅटरी धडधाकट आहे. खाणारी गोष्ट फोनमध्ये नाही, डोंगरात आहे.

आपल्याला वाटतं फोन नुसता टॉवरचं ऐकतो. तसं नाही, त्याला टॉवरला उत्तरही द्यावं लागतं, आणि टॉवर जितका लांब किंवा मधे डोंगर जितका आडवा तितकं त्याला जोरात ओरडावं लागतं. पुण्यात टॉवर गल्लीच्या तोंडाशीच असतो, तिथे फोन कुजबुजला तरी भागतं, एक मिलिवॉटच्या आसपास किंवा त्याहून कमी. वाडीवर तोच फोन ४जीवर आपली कमाल ताकद लावतो, ती साधारण २०० मिलिवॉट असते. आणि अँटेनातून २०० बाहेर पडायला बॅटरीतून त्याच्या कितीतरी पट ओढलं जातं, बाकीची नुसती उष्णता. म्हणून पर्समधला फोन हाताला कोमट लागतो, लागतो ना? दुकानात कोणी ‘नुसता खिशात ठेवला तरी गरम होतो’ म्हणत आलं की माझा पहिला प्रश्न ‘राहता कुठे’ हाच असायचा.

दुसरं म्हणजे मेसेज पाच-सहाच असले तरी मेसेज गेला की रेडिओ लगेच झोपत नाही, अजून काही येतंय का म्हणून पुढचे काही सेकंद जागा राहतो. आणि रेंज पूर्ण गेली तर अजून वाईट, फोन एकेक बँड (म्हणजे लहरींचा पट्टा) चाळत बसतो, सापडला, गेला, परत शोध, असं दिवसभर.

हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ मध्ये जाऊन ‘सिम स्टेटस’ उघडा (काही कंपन्यांनी ते एक पायरी आत दडवलंय). तिथे सिग्नल स्ट्रेंथसमोर उणे आकडा दिसेल, डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं माप). उणे ८५ म्हणजे मजा, उणे १०० म्हणजे चालतंय, उणे ११५ किंवा त्याखाली म्हणजे फोन घसा फोडून ओरडतोय. वर्गात एकदा बघा, मग शाळेच्या ओट्यावर जाऊन बघा, मग खिडकीत. दहा पावलांत दहा-बारा डीबीएमचा फरक पडतो कधी कधी, आणि यात दर तीनला ताकद दुप्पट किंवा निम्मी होते, म्हणजे बारा म्हणजे सोळापट! पर्स लोखंडी कपाटात ठेवत असाल तर आजच खिडकीपाशी आणा, कपाट म्हणजे फोनसाठी कोठडीच.

आता करायचं काय, तर तुमच्या फोनमध्ये दोन सिम आहेत असं तुम्ही लिहिलंय आणि दुसऱ्याला तिकडे रेंजच नाही. मग ते दुसरं सिम शाळेच्या दिवशी सेटिंग्जमधून बंद करा, काढायची गरज नाही, नुसतं बटण आहे. एवढ्यानेच फरक कळेल. दुसरं, नेटवर्क टाइप ‘५जी’ वरून ‘४जी’ वर आणा. ५जी आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, शहरात छान आहे, पण त्याचा जो मुख्य ३५०० मेगाहर्ट्‌झचा पट्टा आहे तो डोंगराआड जात नाही, आणि काही कंपन्यांचं ५जी ४जीच्या खांद्यावर बसून चालतं म्हणजे फोनला दोन्ही रेडिओ सांभाळावे लागतात. वाडीवर त्या ५जीच्या मागे फोन उगाच धावतो.

तिसरं म्हणजे शाळेत वायफाय आहे म्हणता ना, मग तास चालू असताना फ्लाइट मोड लावा आणि त्याच्यावर वायफाय परत चालू करा. हो, चालतं तसं, फ्लाइट मोडमध्ये वायफाय चालू करता येतं हे अजून निम्म्या लोकांना माहीत नाही. व्हॉट्सॲप कॉल येत राहतील. आणि सेटिंग्जमध्ये ‘वायफाय कॉलिंग’ चालू केलंत तर तुमच्या नंबरवरचे साधे फोनसुद्धा वायफायवरून येतील, वेगळं ॲप नको, वेगळे पैसे नकोत. आपल्याकडे ही सोय २०१९ च्या शेवटापासून आलीये, पण दुकानात फोन विकताना कोणी सांगत नाही.

एवढं करून पंधरा दिवसांनी कळवा. आणि त्या दुकानदाराला काही बोलू नका, बिचारा रेंजमध्ये बसलाय, त्याला काय कळणार.

ठाण्याहून एक आजी लिहितात : आमचे हे म्हणतात बॅटरी पूर्ण संपल्याशिवाय चार्जिंगला लावायची नाही, नातू अमेरिकेहून सांगतो ऐंशीच्या वर नेऊ नकोस. मी दोघांच्या मधे. रात्री उशीखाली ठेवून चार्ज करते, सकाळी शंभर. कोणाचं ऐकू?

आजी, आजोबांचं चुकलेलं नाही, फक्त त्यांची बॅटरी जुनी आहे. पूर्वीच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या होत्या ना, बिनतारी लँडलाइनमधल्या, त्यांना अर्धवट चार्ज करायची सवय लावली तर त्या तेवढंच लक्षात ठेवायच्या, त्यासाठी पूर्ण संपवून भरायचा नियम होता. लिथियम-आयन १९९१ ला बाजारात आली, ती बनवण्यामागच्या तिघांना २०१९ चं नोबेलही मिळालं, आणि तिला ही खोड अजिबात नाही. उलट शून्याला नेणं तिला आवडत नाही. ‘नवीन फोन पहिल्यांदा आठ तास चार्जिंगला ठेवा’ हे दुकानदार अजून सांगतात तेही त्याच जमान्यातलं.

नातवाचं म्हणणं बरोबर, पण का ते ऐका. तुमच्या लहानपणची एसटी आठवा. स्टँडवर गाडी रिकामी, पहिले वीस जण धावत येऊन पटापट बसतात. नंतर जागा शोधावी लागते, शेवटच्या आठ-दहांना कंडक्टर आत ढकलतो, वेळही लागतो आणि गाडीचे पत्रेही कुरकुरतात. बॅटरीत लिथियमचे कण असेच एका बाजूकडून दुसऱ्या बाजूच्या ग्रॅफाइटमध्ये जाऊन बसतात. म्हणून फोन पन्नासपर्यंत झटकन जातो आणि शेवटचे वीस टक्के रेंगाळतो. आणि शंभरवर तासन्‌तास बसवून ठेवणं म्हणजे ती खच्चून भरलेली गाडी स्टँडवरच उन्हात उभी ठेवणं. रोज तसं केलं तर आतलं रसायन हळूहळू खराब होतं.

पण खरी गडबड शंभरची नाही, उशीची आहे!! भरलेली बॅटरी आणि वर उष्णता, या दोन गोष्टी एकत्र आल्या की तिचं आयुष्य सगळ्यात भरभर कमी होतं, आणि कापसाच्या उशीखाली उष्णता जाणार कुठे. आजपासून फोन टेबलावर, उघडा, शक्य असेल तर कव्हर काढून. बाकी सेटिंग्जमध्ये बॅटरीत ‘८० टक्क्यांवर थांबवा’ असा पर्याय आता बऱ्याच फोनमध्ये असतो, नातवाला व्हिडिओ कॉलवर लावून द्यायला सांगा, विषय संपला. गावाला जायच्या आदल्या रात्री खुशाल शंभर करा, कधीतरी केलं तर काही होत नाही.

आयुष्य किती तर ॲपलने आपल्या फोनचे आकडे जाहीर केलेत, आयफोन १४ पर्यंतच्या बॅटरीत ५०० सायकलनंतर ८० टक्के क्षमता उरावी आणि १५ पासून पुढे १००० सायकलनंतर, अशी ती बनवलीये. सायकल म्हणजे एकदा लावलं-काढलं असं नाही हां, एकूण शंभर टक्के वापर झाला की एक. आज पन्नास, उद्या पन्नास, दोन दिवसांत मिळून एक.

नागपूरहून रिक्षावाले भाऊ (व्हॉइस नोटवरून) : मे महिन्यात मोबाईल हँडलवर लावला की मॅप चालू, चार्जर चालू, आन्‌ दुपारी मोबाईल असा तापून राहिला का चार्जिंगच घेत नाही, स्क्रीन पण अंधारी होते. पॅसेंजर म्हणते रस्ता चुकले. फ्रिजमध्ये ठेवू का थोडा वेळ?

फ्रिजमध्ये अजिबात नाही भाऊ! गरम फोन थंड फ्रिजमध्ये गेला की आत दव धरतं, थंड पाण्याच्या ग्लासला बाहेरून पाणी सुटतं ना तसंच, फक्त इथे ते मदरबोर्डवर. दुकानात असे दोन फोन आले होते, दोन्ही परत गेले ते डब्यातच.

फोन चार्जिंग घेत नाही हे बिघाड नाही, तो स्वतःला वाचवतोय. ॲपल आपल्या फोनसाठी ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं सांगते आणि बाकीचे फोनही याच्या फार पुढे नाहीत, आणि तुमच्याकडे मे महिन्यात सावलीत ४५ असतं. त्यात ऊन थेट काचेवर, त्यात उन्हात दिसावं म्हणून ऑटो ब्राइटनेस आपोआप फुल, त्यात जीपीएस, नेट आणि वरून चार्जिंगची गरमी. पाच शेगड्या एकदम पेटवल्यात तुम्ही.

एकेक विझवा. मॅपमध्ये नागपूर शहराचा ऑफलाइन नकाशा घरी वायफायवर डाउनलोड करून ठेवा, म्हणजे रस्ता दाखवायला नेटची गरज पडत नाही, जीपीएस तर उपग्रहाचं नुसतं ऐकतो. ओळखीचा रस्ता असेल तर स्क्रीन बंद करून फक्त आवाज चालू ठेवा, ‘दोनशे मीटरवर उजवीकडे’ एवढं पुरतं. होल्डर रिक्षाच्या काचेच्या उन्हातून काढून आतल्या सावलीत आणा, मागचं जाड रबरी कव्हर उन्हाळ्यात काढून टाका. आणि चार्जिंग मॅप चालू असताना नाही, स्टँडवर नंबर लागायची वाट बघता तेव्हा. तेव्हा फोन शांत असतो आणि भरतोही लवकर. गरमच झाला तर मॅप बंद, चार्जर बंद, ओल्या फडक्याला हात लावायचा नाही, सावलीत हवेवर पंधरा मिनिटं, बस.

(बाइकवाले वाचत असतील तर अजून एक, हँडलच्या कंपनाने कॅमेरा खराब होऊ शकतो असं ॲपलने २०२१ मध्येच सांगितलंय. फोटो अचानक थरथरलेले येत असतील तर होल्डरकडे बघा.)

कोल्हापूरचा कॉलेजचा मुलगा : ब्लूटूथ इअरफोन घरात मस्त चालतात, पण रंकाळ्यावर मोकळ्यात पळायला गेलो की कट-कट-कट. मोकळ्यात तर रेंज जास्त मिळायला पाहिजे ना? कंपनीकडे दोनदा बदलून घेतले, तेच.

तिसऱ्यांदा बदलू नकोस, तुझंच शरीर मधे येतंय. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतं आणि त्या लहरी पाणी गिळतं, आणि माणूस म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच. फोन डाव्या खिशात आणि ज्या इअरफोनला मुख्य सिग्नल येतो तो उजव्या कानात, तर मधे सगळा तू. घरात हे जाणवत नाही कारण लहरी भिंतीवर, छतावर आपटून वळसा घालून कानापर्यंत पोचतात. रंकाळ्यावर भिंत कुठाय? समोर नुसतं पाणी नि वर आभाळ, आपटून परत यायला काहीच नाही.

फोन उजव्या खिशात टाकून पळून बघ, किंवा दंडाला बांध. कोणत्या बाजूचा इअरफोन मुख्य आहे ते काही मॉडेलमध्ये बदलत राहतं, म्हणून दोन्ही खिशांत आळीपाळीने बघ, पाच मिनिटांत कळेल.

नाशिकहून एक ताई : मायक्रोवेव्ह लावला की मुलाचा ऑनलाइन क्लास अडकतो. योगायोग?

योगायोग नाही ताई. मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्‌झवर चालतो आणि वायफायचा जुना पट्टाही तिथेच, दारातून थोडंसं जे गळतं त्याने माणसाला काही होत नाही पण वायफायच्या नाजूक सिग्नलला ते ढोल-ताशासारखं. राऊटर जर दोन्ही पट्ट्यांचा असेल तर लॅपटॉप ‘५जी’ असं लिहिलेल्या नावाला जोडा, ते मोबाईलचं ५जी नव्हे, पाच गिगाहर्ट्‌झ. भिंती त्याला जरा जड जातात, म्हणून मुलाचं टेबल राऊटरच्या खोलीत आणा.

आणि राऊटर आहे कुठे ते लिहिलंच नाहीत. माझ्या बहिणीच्या घरी नेट स्लो म्हणून मी दोन तास घालवले, केबल बदलली, कंपनीशी भांडलो, शेवटी राऊटर सापडला स्टीलच्या पापडाच्या डब्यामागे, फडताळात, ‘शोभत नाही’ म्हणून लपवलेला. बाहेर काढला, उंचावर ठेवला, झालं.

अनेकांचा एकच प्रश्न : मागचे सगळे ॲप वर सरकवून बंद करायचे का? वायफाय, ब्लूटूथ, लोकेशन सतत बंद ठेवायचं का?

नाही आणि नाही. बंद केलेलं ॲप परत उघडताना पहिल्यापासून लोड होतं, त्यात जास्त जातं. खरंच अडकलेलं असेल तेवढंच काढा. ब्लूटूथ २०१० पासून ‘लो एनर्जी’, म्हणजे कमी वीज खाणारं झालंय, नुसतं चालू असण्याने काही होत नाही. आणि वायफाय तर मोबाईल डेटापेक्षा स्वस्तच पडतं बॅटरीला, घरात चालू ठेवा. त्यापेक्षा ब्राइटनेस खाली करा. डार्क मोडचा फायदा फक्त ओएलईडी स्क्रीनला (त्यात काळा ठिपका म्हणजे बंदच ठिपका), तोही ब्राइटनेस फुल असताना खरा, घरात मंद उजेडात नावापुरता.

पंढरपूरच्या वारीला जाणारे काका : दहा हजारची पॉवर बँक घेतली, माझा फोन पाच हजारचा. दोनदा व्हायला पाहिजे की नाही? दीडदाही नीट होत नाही. फसवलं का?

फसवलं नाही काका, गणित अर्धं सांगितलं. दहा हजार एमएएच हे आतल्या सेलचं माप, आणि ते ३.७ व्होल्टवर, म्हणजे ३७ वॉट-अवर (आत साठलेल्या एकूण विजेचं माप). बाहेर येताना ते ५ व्होल्ट करावं लागतं, त्यात काही गळतं, फोनमध्ये शिरताना परत गळतं. तुमच्या फोनला भरायला साधारण १९ वॉट-अवर लागतात आणि गळती धरून बावीसच्या आसपास. सव्वा ते दीड वेळा भरली तर पॉवर बँक प्रामाणिक आहे. पाठीमागे बारीक अक्षरात ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून सहा हजारच्या आसपास आकडा असेल बघा चष्मा लावून, तोच खरा.

वारीत दिवेघाटात लाखो फोन एकाच टॉवरला लोंबकळतात, तिथे मॅडमचंच औषध, फ्लाइट मोड. मुक्कामावर पोचलात की काढा आणि घरी फोन करा. विमानाने कुठे जाणार असाल तर पॉवर बँक हातातल्या बॅगेत, सामानात टाकायची नाही, आणि १०० वॉट-अवरच्या आतली. तुमची ३७ ची आहे, चालेल.

औरंगाबाद रोडवरून, नाव नको म्हणणारे वाचक : फोनची मागची बाजू जरा वर आलीये, स्क्रीनच्या कडेने उजेड दिसतो. चालतोय व्यवस्थित. दिवाळीत ऑफर येईल तोवर दोन महिने ढकलू का?

एक दिवससुद्धा नाही. बॅटरी फुगलीये, आत वायू धरलाय. माझा स्वतःचा एक जुना फोन ड्रॉवरमध्ये विसरला होता, वर्षाने काढला तर मागचं झाकण टम्म भाकरीसारखं, आणि मी, एवढी वर्षं हेच करणारा, पहिल्या झटक्यात अंगठ्याने दाबून बघितलं! नशीब. आतला पातळ पडदा फाटला तर दोन बाजू एकमेकींना चिकटतात आणि आग लागते, आणि ती फुंकर मारून विझत नाही. दाबायचं नाही, सुई टोचायची नाही (यूट्यूबवर दाखवतात, त्यांचं घर त्यांना लखलाभ), चार्जिंगला तर लावायचंच नाही. बंद करा, स्टीलच्या ताटात ठेवा, अंथरूण-पडद्यांपासून लांब, आणि सर्व्हिस सेंटरला न्या. घंटागाडीत टाकू नका, २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर आहे, सेंटरवाल्याला तसं सांगा.

तुमचं पत्र अंकात येईपर्यंत थांबलो नाही, त्याच रात्री ईमेल केला होता. तुम्ही ‘उद्या नेतो’ लिहिलंत, त्याला आज नऊ दिवस झाले. नेलात का?